कारणाचा रकाना

गेल्या अंकात सहज एक ओळ टाकली होती: गोष्टी-कवितांतला माणूस जनावरांशी कसा वागतो, याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. मला वाटलं, चार पत्रं येतील. एवढी आली की पोस्टमनने विचारलं, "दवाखानो परत काढलास काय?"

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी सिंधुदुर्गात तीसेक वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, म्हणजे पूर्वीचा स्टॉकमन. खरा डॉक्टर तालुक्याला बसायचा, पण गावात मला सगळे डॉक्टरच म्हणायचे आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. दवाखान्याच्या कपाटात औषधांच्या मागच्या रांगेत पुस्तकं असायची. त्याचं फळ म्हणून हे सदर गळ्यात पडलं. सात पत्रं निवडली आहेत, बाकीच्यांनी रागावू नये.

*मी अकरावीत आहे. प्रकल्पासाठी शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची 'महेश' ही कथा मराठीतून वाचली. गफूर महेशला आपला मुलगा म्हणतो आणि शेवटी स्वतःच्याच हाताने त्याला मारतो. बाईंनी विचारलं, गफूर क्रूर आहे का? मी "हो, कारण त्याने मुक्या जनावराचा जीव घेतला" असं लिहिलं. अर्धाच गुण मिळाला. माझं काय चुकलं?*
एक विद्यार्थिनी, कुडाळ

बाय, तुझं उत्तर चुकलं नाही, लवकर संपलं.

ज्यांनी कथा वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बंगालमधलं खेडं, पावसाने दगा दिलेला. गफूर हा गरीब कूळ, घरात आई नसलेली लहान मुलगी आमिना आणि महेश नावाचा म्हातारा बैल. वैरण संपलेली. गावातल्या भटजीकडे गफूर थोडा पेंढा उसना मागतो, मिळत नाही. मग तो स्वतःच्या मोडक्या छपरातलं गवत उपसून बैलापुढे टाकतो. गायरान होतं, पण जमीनदाराने पैसे घेऊन ते दुसऱ्याला लावून दिलं. एकदा कसायाकडून पैसे घेतो आणि बैल न्यायला माणसं आली की विकायला साफ नकार देतो. मग उन्हाळ्यातला तो दिवस. गफूर जमीनदाराकडून मार खाऊन घरी येतो. आमिनाने कोणाकोणाच्या विनवण्या करून आणलेलं पाणी तहानेने वेडा झालेला महेश सांडतो, घागर फुटते, आणि तो जमिनीवरचं पाणी ओढून प्यायला लागतो. दुरुस्तीसाठी नांगराचा एक भाग सुटा करून ठेवलेला असतो. गफूर तोच दोन्ही हातांनी उचलतो.

ज्याला तो बैल आयुष्यभर जुंपला, त्याच नांगराचा तुकडा. हे तुझ्या उत्तरात यायला हवं होतं.

आता माझी एक गोष्ट ऐक. मालवण तालुक्यात असताना, जुलै महिना, लावणीचे दिवस. एक म्हातारा शेतकरी, त्याचा एकच बैल. दुसरा शेजाऱ्याचा, तोही दुपारपर्यंतच मिळणार होता. तरवा, म्हणजे लावणीची भाताची रोपं, सकाळीच काढून ठेवलेला. त्या दिवशी चिखल झाला नाही तर तरवा वाया. आणि याचा बैल चिखलात बसला. उठेना. काठी चालली ती पाठीवरून घसरून शिंगावर बसली आणि शिंगावरची खोळ सबंध निघून आली. आतला लाल गाभा उघडा, रक्त चिखलात मिसळतंय.

मी पोचलो तेव्हा बैल अंगणात बांधलेला आणि म्हातारा त्याचं डोकं दोन्ही हातांनी कवळून उभा. शेजारी टोपात पेज, ती त्याने बैलापुढे ठेवलेली. बैलाने तोंड लावलं नव्हतं. मी शिंग धुतलं, टिंक्चर बेंझॉइनमध्ये भिजवलेली पट्टी घेतली आणि दुसऱ्या शिंगाचा आधार घेत आठच्या आकड्यात गुंडाळली. म्हातारा सारखा विचारत होता, "दुखता काय रे तेका? दुखता काय?" दुखतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मग मी रजिस्टर उघडलं. दिनांक, मालकाचं नाव, जनावर, इजा, कारण, उपचार. 'कारण'पाशी आलो. म्हातारा म्हणाला, "मियाच मारलंय तेका. लिवा तसा." मी मान हलवली आणि लिहिलं: अपघात.

१९६० चा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा मला पाठ होता, म्हणून तसं लिहिलं हे खरं. पण 'मारहाण' लिहिलं असतं तरी ते पुरतं खरं झालं नसतं. त्या दीड इंचाच्या रकान्यात काय काय मावणार होतं? एकच बैल, उसना दुसरा, उपटलेला तरवा, मुंबईहून न आलेली मनीऑर्डर. शरच्चंद्रांनी सबंध कथा खर्च केली ती त्या दीड इंचासाठी. म्हणून कुठल्याही गोष्टीत जनावराला मार बसला की मी आधी बघतो, लेखकाने कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय. 'दुष्टपणा' एवढंच लिहिलं असेल तर तो माझ्याच पंगतीतला, रजिस्टर भरून मोकळा झालेला.

हे सगळं लिहून शेवटी "हो, तरीही गफूरने मारलं" असं लिहायलाही हरकत नाही. गफूर स्वतः सुटका करून घेत नाही. मध्यरात्री तो आमिनाला घेऊन फुलबेडच्या ताग गिरणीकडे निघतो. पितळेची थाळी आणि पाणी प्यायचं भांडं ती बरोबर घ्यायला जाते, तर म्हणतो, राहू दे, माझ्या महेशच्या प्रायश्चित्ताला लागतील. आणि अल्लाकडे मागणं मागतो: मला हवी ती शिक्षा दे, पण महेशला तुझं गवत आणि तुझं पाणी ज्यांनी मिळू दिलं नाही, त्यांना माफ करू नकोस. एवढ्या मोठ्या गुन्ह्याची अशी नेमकी वाटणी मी कोर्टातही ऐकली नाही.

जमलं तर याच्या शेजारी तुर्गेनेव्हची 'मुमू' ठेव. १८५४ साली प्रसिद्ध झालेली रशियन कथा. गेरासिम हा मुका-बहिरा भूदास, एक कुत्री त्याने जीव लावून वाढवलेली. मॉस्कोतल्या मालकिणीला तिचं भुंकणं सहन होत नाही. हुकूम सुटतो आणि गेरासिम स्वतःच तिला नदीत बुडवतो. नंतर तो मालकिणीला न विचारता पायी आपल्या खेड्याकडे निघून जातो. गफूर खेडं सोडून गिरणीकडे, गेरासिम शहर सोडून खेड्याकडे. दिशा उलट, पण जनावर गेल्यावर दोघांनाही त्या जागी राहवत नाही. मालकीण तुर्गेनेव्हने स्वतःच्या आईवरून घेतली होती. त्यांच्या घरी खराच एक मुका नोकर होता, त्याचं नाव आंद्रेई. तो मात्र सगळं झाल्यावरही मालकिणीकडेच राहिला. निघून जाणं हे लेखकाने त्याला दिलं.

बाईंना हे दाखव. उरलेला अर्धा गुण नाही मिळाला तर पत्र टाक.

*माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. गोष्टीत प्राणी मेला की रात्रभर झोपत नाही. अशा गोष्टी द्याव्यात का?*
एक आई, रत्नागिरी

द्या. दिवसा द्या, रात्री नको. प्रेमचंदांच्या 'दो बैलों की कथा'पासून सुरुवात करा. हीरा आणि मोती मार खातात, उपाशी राहतात, कोंडवाड्यात अडकतात, पण शेवटी आपल्या दावणीला परत येतात. मरणाच्या गोष्टीला घाई नाही, ती त्याला सापडेलच.

*शाळेत प्राण्यांवर दया करा असा धडा शिकवतो. मुलं रडतात. चार वाजता शाळा सुटली की तीच मुलं कुत्र्याला दगड मारतात. साहित्याने खरंच काही बदलतं का, की आपण नुसते पगार घेतो?*
एक शिक्षक, लांजा

गुरुजी, पगार घ्या, त्यात काही गैर नाही.

'दया करा' ही फार मोठी मोळी आहे. मुलाला ती उचलत नाही, म्हणून तो ती शाळेतच ठेवून घरी जातो. ज्या पुस्तकाने थोडंफार बदललं त्याने मोळी सोडून एकच काटकी हातात दिली. इंग्लंडमध्ये १८७७ साली ॲना स्यूएल या बाईंनी 'ब्लॅक ब्यूटी' लिहिलं, घोड्याने स्वतःच्या तोंडून सांगितलेली जीवनकहाणी. बाई लहानपणी पडून पाय दुखावलेल्या, पुढे आयुष्यभर येण्याजाण्याला घोडागाडीच. म्हणजे घोड्याची पाठ त्यांनी दुसऱ्या कुठल्याही लेखकापेक्षा जास्त वेळ पाहिली असणार. पुस्तक आलं आणि काही महिन्यांत, १८७८ मध्ये, त्या गेल्या.

त्या पुस्तकात एक चामड्याचा पट्टा आहे. बग्गीच्या घोड्याची मान ताठ, रुबाबदार दिसावी म्हणून ती वर ओढून बांधायची श्रीमंतांची फॅशन होती. मान खाली घालता येत नसल्याने चढावर घोड्याला जोर लावता येत नाही, श्वास कोंडतो, तोंडाला फेस येतो. बाई 'क्रौर्य' या विषयावर प्रवचन देत बसल्या नाहीत. हा पट्टा, हा चढ, हा घोडा, एवढंच दाखवलं. वाचून उठलेल्या माणसाला तबेल्यात जाऊन करण्यासारखं एक काम मिळालं. अमेरिकेत प्राण्यांसाठी झटणाऱ्यांनी १८९० पासून ते पुस्तक छापून गाडीवानांमध्ये वाटलं, ते उगीच नाही.

आपल्याकडे असा पट्टा कुठला, विचाराल तर मी जू सांगेन. चाबूक कवितेत येतो, सिनेमात येतो, कारण त्याचा आवाज होतो. खांदेसुजीला आवाज नसतो. पावसात भिजलेल्या मानेवर खडबडीत लाकूड दिवसभर घासतं, आधी केस जातात, मग कातडी जाड होते, मग गाठ धरते, मग पू. माझ्या रजिस्टरात काठीच्या जखमा बोटांवर मोजण्याइतक्या आणि खांदेसुजीची पानंच्या पानं. उपाय काय? जू तासून गुळगुळीत करा, खाली मऊ गोणपाट बांधा, चार दिवस बैल सोडा. पहिले दोन उपाय लोक करायचे. चार दिवस बैल सोडायचा म्हटलं की हसायचे.

तेव्हा मुलांना दया शिकवू नका, एक काम सांगा. शाळेजवळच्या कुत्रीला पिल्लं झाली असतील तर पाण्याची करवंटी कोण भरणार, ते ठरवून द्या. मंडणगडच्या वेळासला तेच झालं. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी लोक खायचे, विकायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन ती अंडी जपायला सुरुवात केली. मग पिल्लं वाळूवरून समुद्राकडे जाताना बघायला बाहेरगावची माणसं यायला लागली, घरोघर पाहुणे उतरू लागले. तिथे कोणी धडा शिकवला नव्हता, टोपली दिली होती.

*बैल, घोडा, कुत्रा, हत्ती, सगळ्यांवर गोष्टी आहेत. मासे मात्र कोणाच्याच गोष्टीत रडत नाहीत. आमचं घर मासळीवर चालतं, म्हणून विचारते. मासा जनावर नाही काय?*
एक वाचिका, मालवण

या पत्रावर मी दोन दिवस काढले.

तुमच्याच गावातल्या शाळेत एकदा मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. 'श्यामची आई'तली मोरी गाय सांगायला घेतली, जी श्यामच्या आईशिवाय कोणाला दूध काढू देत नसे. पुढच्या बाकावरचा एक पोरगा बराच वेळ अस्वस्थ. शेवटी हात वर केला, "सर, मोरी दूध देता?" वर्ग हसला आणि मीही. मालवणात मोरी म्हणजे काय ते इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी सांगतो: शार्क. मटणासारखी शिजवतात.

पण त्या पोराचा प्रश्न वाटतो तेवढा खुळा नाही. मोरीच्या काही जाती अंडी घालत नाहीत, पिल्लांना जन्म देतात, आणि काहींची पिल्लं पोटात नाळेने जोडलेली असतात. मी लहान असताना आई आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, मोरी कापत होती. पोट फाडलं तर आत चार पिल्लं, बोटाएवढी, नाळेसकट. आईचा हात थांबला. तिने ती एकेक करून केळीच्या पानावर ठेवली, परसात जाऊन माडाच्या मुळाशी पुरली आणि हात धुऊन परत येऊन मोरी कापायला बसली. रात्री तिरफळं घातलेलं तिखट सार झालं. आई त्या दिवशी जेवली नाही, असं लिहायचा मोह होतोय. पण ती जेवली.

जुन्या वाङ्मयात एक मासा बोलतो. शतपथ ब्राह्मणात मनू हात धुवायला पाणी घेतो, तर ओंजळीत एक इवलासा मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. मनू विचारतो, तुला सांभाळू कसा? मासा सांगतो, लहान आहोत तोवर मासाच माशाला गिळतो. मनू त्याला आधी घागरीत, मग खड्ड्यात आणि मोठा झाल्यावर समुद्रात नेऊन सोडतो, आणि पुढे प्रलयात तो मासा मनूची नाव ओढतो. बघा, तोंड उघडायची एक संधी मिळाली तेव्हाही माशाने तक्रार केली ती दुसऱ्या माशांची. माणसाचं नाव घेतलं नाही.

हेमिंग्वेचा म्हातारा कोळी, १९५२ च्या कादंबरीतला, तीन दिवस एका प्रचंड माशाशी झुंजतो. त्याला भाऊ म्हणतो, मारतो, आणि या माशाला खायची लायकी असलेलं माणूस बाजारात एक तरी आहे का, असा विचार करत बसतो. शेवटी मासा खातात मोऱ्या. तुमच्या आळीत ही कादंबरी वाचली तर शेवटाला कोणीतरी नक्की म्हणेल, मोऱ्या धरूच्या होत्या.

खरं कारण मला वाटतं ते साधं आहे. माशाला पापणी नाही, किंकाळी नाही, आणि जाळ्यात येतो तो एकटा येत नाही. ज्याला नाव ठेवता येत नाही त्याची गोष्ट होत नाही. सरकारी रजिस्टरातही माझ्याकडे माशासाठी पान नव्हतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या घरात रोज टोपल्या उतरतात, तेव्हा ही गोष्ट लिहायची पाळी तुमच्याकडे येते, माझ्याकडे नाही.

*पुस्तकातल्या माकडांची वर्णनं पुरे झाली. माझ्या बागेत या वर्षी शहाळं राहिलं नाही, वानरांनी मोहोर ओरबाडला. ज्यांच्याकडे झाड नाही ते प्राणिप्रेमाच्या गोष्टी लिहितात.*
एक बागायतदार, गुहागर

साहेब, अर्धं मान्य.

व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' मात्र तुम्ही वाचा, राग जाईल. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं ते छोटंसं पुस्तक वानरांच्या टोळ्यांवर आहे. त्यात प्रेमळपणाचा लवलेश नाही: टोळीचा म्होरक्या हाकलला जातो, पिल्लं मारली जातात, सत्ता बदलते. लेखक एकाही वानराची कीव करत नाही आणि त्याला शिवीही देत नाही. जनावराला माणसाच्या चांगुलपणाची परीक्षा म्हणून न वापरता त्याला त्याचं आयुष्य जगू देणं, हाही वागणुकीचाच एक प्रकार झाला.

तुमची बाजू लिहिणारा कोणी नाही हे खरं. नुकसानीच्या पंचनाम्यात किती झाडं, किती फळं, हे असतं. रात्री डबा वाजवत बागेत बसलेला माणूस कुठल्याच रकान्यात नसतो. सुचलं तर लिहून पाठवा, छापायला सांगतो. फटाके-गलोलीचा भाग वगळू नका.

*आपल्या संतांनी भूतदया शिकवली, परदेशी लेखकांची उदाहरणं कशाला? रेड्यामुखी वेद वदवणारी ही भूमी आहे.*
एक निवृत्त कारकून, सावंतवाडी

रेड्याची गोष्ट मलाही प्रिय आहे. वेद वदवले हे सगळ्यांना पाठ असतं. रेड्याच्या पाठीवर आसूड बसला आणि वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उठले, हे जे सांगतात ते मला वेदांपेक्षा मोठं वाटतं. जुन्नर तालुक्यात आळ्याला त्या रेड्याची समाधी आहे. सवड मिळाली तर जाऊन या. आणि वाटेत ट्रकमध्ये कोंबलेली गुरं दिसली तर तीही बघा.

जुन्या ग्रंथांत दया आहे तशीच लबाडीही लिहून ठेवली आहे, आणि मला त्यांचा मोठेपणा तिथे दिसतो. पंचतंत्र म्हटलं की सिंह आणि कोल्हे आठवतात. त्याच्या पहिल्या भागाची, मित्रभेदाची, सुरुवात आठवून बघा. व्यापाऱ्याचा संजीवक नावाचा बैल यमुनेकाठच्या चिखलात रुततो, पाय मोडतो. व्यापारी राखणीला माणसं ठेवून पुढे जातो. ती माणसं जंगलाला घाबरून बैलाला तिथेच टाकतात आणि मालकाला जाऊन सांगतात, बैल मेला, आम्ही त्याला अग्नी दिला. बैल जिवंत! पुढची सगळी राजनीती त्या एका खोट्या नोंदीवर उभी आहे. माझं रजिस्टर वाचलंत ना वर? म्हणून ही गोष्ट मला टोचते.

आणि महाभारत. शेवटचा कुत्रा सगळ्यांना माहीत आहे, ज्याला सोडून युधिष्ठिर स्वर्गात जायला तयार होत नाही. आदिपर्वाच्या सुरुवातीलाही एक कुत्रा आहे. जनमेजय राजाच्या सत्रात, म्हणजे लांबलचक यज्ञात, एक पिल्लू येतं, राजाचे तीन भाऊ त्याला मारतात. ते रडत आई सरमेकडे जातं. ती विचारते, तू काही केलंस का? ते म्हणतं, हविर्द्रव्याकडे पाहिलंसुद्धा नाही, चाटलं तर नाहीच. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, माझ्या मुलाने अपराध केला नव्हता, मग का मारलंत? भाऊ काहीच बोलत नाहीत. ती शाप देते, न दिसणारं भय तुमच्यावर येईल, आणि एवढा राजा जनमेजय, तो हादरतो.

महाभारताची कथा सांगायला बसलेल्या माणसाने आरंभालाच एका कुत्रीला का विचारायला लावलं आणि राजघराण्याला गप्प का ठेवलं, यावर तुम्ही कारकून म्हणून विचार करा. कारणाचा रकाना कोरा ठेवलेली फाईल तुम्ही कधी पुढे जाऊ दिली असती का?

*आमच्या वाडीत आता एकही जोत नाही, सगळीकडे पॉवर टिलर. बैलांचे हाल संपले, मग बैलांवरचं साहित्य वाचून काय करायचं?*
एक तरुण शेतकरी, देवगड

आनंद यादवांची 'गोतावळा' वाचा. १९७१ ची कादंबरी, कोल्हापूरकडच्या बोलीत. नारबा हा शेतावरचा गडी, जनावरं हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि एकेक जनावर जायला लागतं. ट्रॅक्टर वाईट असं पुस्तक कुठे म्हणत नाही. पण गोठा रिकामा झाला की नारबाशी बोलणारं कोणी उरत नाही. तुम्ही टिलर चालवता, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळेल.

बैलांचे हाल संपले का? नांगराचे संपले असतील. मग पाडा, म्हणजे नर वासरू, जन्मला की त्याचं काय करतात, हे तुमच्या वाडीत जरा विचारा. मी विचारलं होतं. रानात सोडतात, म्हणाले. आणि सरळ माझ्याकडे बघत नव्हते.

गेल्या दिवाळीत तारकर्लीजवळ एका ओळखीच्याने होम स्टे काढला, म्हणून बघायला गेलो. पाडव्याचा दिवस. पूर्वी त्याच घरी त्या दिवशी गुरांना आंघोळ घालून, गेरूने रंगवून पोळे खायला घालायचे. आता गोठ्याची पर्यटकांची खोली झालेली, छान टाइल्स. पडवीत त्यांचं जुनं जू आडवं टांगलेलं, दोन्ही टोकांना दिवे लावलेले. मला विचारलं, "डॉक्टरानू, किती जुना आसात?" मी चष्मा लावून जवळ गेलो. खालची बाजू वर होती. बैलाच्या मानेवर जिथे बसतं तिथे लाकडात दोन खळगे पडलेले, इतके गुळगुळीत की दिव्याचा उजेड त्यात चमकत होता.

मी म्हटलं, "ह्या उलटा टांगलंस तू."

तो म्हणाला, "माहीत आसा. पण असा बरा दिसता."